संस्कृत मिळालं नाही, फारसी मिळाली

बारावीचा निकाल लागला की खाप्यात घराघरांत प्रवेशाचे अर्ज येतात. अलीकडे त्या अर्जांत नवे शब्द आले आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट. केंद्र सरकारचं नवं शिक्षण धोरण २९ जुलै २०२० ला मंजूर झालं आणि आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना ते २०२४-२५ पासून लागू झालं, तेव्हापासून हे शब्द आले. एका पालकांनी मला विचारलं, "सर, मेजर म्हंजे मोठा विषय अन् मायनर म्हंजे लहान विषय, असंच ना?" व्याख्या म्हणून यात काही चूक नाही. ज्या विषयात पदवी घ्यायची तो मेजर, आणि त्याच्या जोडीला थोडा कमी, पण नेमाने शिकायचा तो मायनर.

शब्द नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे. कोणता विषय घ्यायचा हे कोण ठरवतं? मुलगा, बाप, मास्तर, गावातली हवा की महाविद्यालयाचं वेळापत्रक? मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून या प्रश्नाचा इतिहास मला एका विशिष्ट वर्गातून दिसतो. तो वर्ग फारसीचा.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्या काळी इंग्रजीच्या जोडीला एक अभिजात भाषा 'दुसरी भाषा' म्हणून घ्यावी लागे. संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन अशांपैकी एक. ही निवड हायस्कुलातच व्हायची आणि पुढे कॉलेजपर्यंत सोबत यायची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने कोणत्या बाकावर बसायचं, यावर तो पुढे कोणती पुस्तकं मुळातून वाचू शकेल हे ठरायचं.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी होता. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते, त्यांना स्वतःला वाचनाची ओढ होती आणि मुलांनी संस्कृत शिकावं अशी त्यांची फार इच्छा. पण शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्यांच्या मुलांना संस्कृत शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. आधी मोठ्या भावाला नकार मिळाला, मग भीमरावांना. दोघांना फारसीच्या वर्गात जाऊन बसावं लागलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.लाही फारसी त्यांच्या विषयांत होती.

आपल्या लोकांत हा प्रसंग सांगायची एक ठरलेली तऱ्हा आहे. संस्कृतचं दार बंद झालं आणि फारसीने मात्र बाबासाहेबांना जवळ केलं, असं आपण छाती फुगवून सांगतो. यातलं खरं तेवढं घ्यावं. फारसीच्या वर्गात कोणाची जात आडवी आली नाही, हे खरं आहे आणि लहान नाही. त्या वर्गात पारशी मुलं असत, मुसलमान असत, काही हिंदूही असत. पण बाबासाहेबांनी स्वतः पुढे सांगितलं की फारसीत आपल्याला गुण उत्तम मिळत, तरी संस्कृत साहित्यापुढे फारसी साहित्य फिकं वाटतं आणि संस्कृत चांगलं यावं ही इच्छा कायम राहिली. नंतर ते स्वतःच्या मेहनतीने संस्कृत शिकले. फारसी-उर्दूवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा बोचतं. पण माणूस खरं बोलतो आहे. फारसी कितीही गोड असली तरी ती त्यांनी मागितलेली नव्हती. दुसऱ्याने हाताला धरून बसवलेल्या बाकावर चांगले गुण मिळाले म्हणून तिला निवड म्हणता येत नाही.

फारसी आपल्या मर्जीने घेतली तर काय होतं, याचं उदाहरण त्याच काळात आहे. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन. १८९४ साली बडोद्यात जन्मले. घर ब्राह्मणाचं, संस्कृतचं दार सताड उघडं, तरी हा मुलगा फारसीकडे वळला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फारसीचे प्राध्यापक झाले. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी इंग्रजीवरून न घेता थेट फारसीतून मराठीत आणल्या. 'गज्जलांजलि' हा संग्रह १९३३ चा. मराठी छंदांवरच्या 'छंदोरचना' या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी.लिट. दिली. मराठी छंदांचा हिशेब मांडताना त्यांच्या हाताशी संस्कृत वृत्तं होती, तशीच फारसी बहरही होते. पुढे आपल्या विदर्भाच्या सुरेश भटांनी मराठी गझल गावोगाव पोचवली, तिच्या मुळाशी कॉलेजातल्या एका 'दुसऱ्या भाषे'ची निवड आहे. मराठी मुशायऱ्यात मान डोलावणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, कोण जाणे.

बाबासाहेबांकडे परत येऊ, कारण त्यांना खरी निवड करायला मिळाली ती मुंबईपासून हजारो मैल लांब.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. खर्च बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करीन आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करीन, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला होता. म्हणजे शिष्यवृत्तीलाही अट होतीच. पण चरित्रकार सांगतात की महाराजांनी आधी विचारलं होतं, काय शिकायचं आहे? उत्तर होतं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि त्यातही सार्वजनिक वित्त. जो मुलगा दहा वर्षांपूर्वी संस्कृतच्या वर्गात पाय ठेवू शकला नव्हता, त्याला एक राजा विचारतो की तुला काय शिकायचं आहे. या एका प्रश्नाला माझ्या लेखी शिष्यवृत्तीच्या रकमेइतकीच किंमत आहे.

कोलंबियात त्यांनी काय घेतलं याची नोंद उपलब्ध आहे आणि ती मन लावून वाचण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. बेरीज ६०. आजच्या अर्जाच्या भाषेत सांगायचं तर अर्थशास्त्र मेजर, आणि भोवती इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असा गोतावळा. १९१५ साली ते एम.ए. झाले, प्रबंधाचा विषय प्राचीन भारतातला व्यापार. पुढे पीएच.डी.साठी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विषय घेतला. तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला, त्याला त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे.

हे झालं मेजरचं. मायनरचं फळ वेगळंच आहे. मानववंशशास्त्राचे फक्त चार अभ्यासक्रम, पण अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या त्याच विषयाच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. जातीची उत्पत्ती कशी झाली, तिची यंत्रणा कशी चालते आणि ती पसरली कशी, हा त्याचा विषय. जातीचा गाभा म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी, हे त्यांचं प्रतिपादन. गटाबाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं की गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागते. ती बिघडली की विधवेला जाळणं, विधवेवर कायमचं वैधव्य लादणं, विधुराला अल्पवयीन मुलगी देणं अशा रूढी जन्माला येतात, असं त्यांनी साखळी जोडावी तसं मांडलं. निबंध पुढल्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज शंभर वर्षांनंतर जगभरच्या वर्गांत तो वाचला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जोडविषयाच्या वर्गासाठी लिहिलेलं हे काम.

तत्त्वज्ञानाचे पाच अभ्यासक्रम होते, त्यात जॉन ड्युई गुरू होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात ड्युईंचं ऋण बाबासाहेबांनी उघड मान्य केलं आहे. आणि मेजरही वाया गेलं नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्यानंतर हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली ती अर्थशास्त्रज्ञ म्हणूनच.

आता कोलंबियाच्या आवाराकडे पाहू. पहिल्या आठवड्यात ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण सोसेना, म्हणून हिंदी विद्यार्थी राहत त्या क्लबमध्ये गेले, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत. ही मैत्री आयुष्यभर टिकली. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथे असत. संशोधन नेमकं कोणत्या पद्धतीने करू, असं त्यांनी सेलिग्मन यांना विचारलं, तर ते म्हणाले की काम मन लावून करत राहा, पद्धत आपोआप सापडेल. लंडनला जायची वेळ आली तेव्हा तिथल्या प्राध्यापकांच्या नावे याच सेलिग्मननी ओळखपत्र दिलं. राहायची खोली, पोटाला मानवेल असं जेवण, उशिरापर्यंत उघडं ग्रंथालय, एक मित्र आणि पत्र लिहून देणारा एक शिक्षक. साठ अभ्यासक्रमांची ती यादी यातल्या कशाशिवाय झाली असती, असं मला वाटत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातलं चित्र याच्याशी ताडून पाहा. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा सोडा, पाणीसुद्धा देत नसे. पण त्याच कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी पुस्तकं दिली, कपडे दिले. त्याआधी चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक वाचत बसणारा हा शाळकरी पोर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या नजरेला पडला. केळुसकर स्वतः विल्सन हायस्कुलात शिक्षक. त्यांनी पुस्तकं पुरवली, मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या वेळी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र हातात ठेवलं, आणि इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोचवला. त्यातून महिना पंचवीस रुपये सुरू झाले. हे पंचवीस रुपये पुढच्या साडेअकरा पौंडांची पहिली पायरी. केळुसकरांचं नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं. नाही.

अशी माणसं आपल्या इतिहासात आणखी आहेत आणि त्यांतला एक तर आपल्या घरचाच आहे. जोतिराव फुल्यांची शाळा वडिलांनी मध्येच बंद केली होती. पोरगा मळ्यात कामाला लागला. तेव्हा शेजारचे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांना पटवलं की या मुलात हुशारी आहे, याला परत शाळेत घाला. १८४१ साली जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गफार बेगांनी ना संस्था काढली ना ग्रंथ लिहिला. एका बापाशी जाऊन बोलले. आज महाविद्यालयात समुपदेशन कक्ष असतो, दारावर पाटी असते आणि अनेकदा कुलूपही. मुन्शीजींकडे पाटी नव्हती.

एकेका भल्या माणसाच्या भरवशावर मात्र समाज पुढे जात नाही, हे शाहू महाराजांना नेमकं कळलं होतं. कोल्हापुरात त्यांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, अस्पृश्यांचं. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. खेड्यातलं पोर शहरात आलं तर पहिल्या रात्री झोपेल कुठे आणि जेवेल काय, या प्रश्नाचं उत्तर आधी, अभ्यासक्रम नंतर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. तिथे मुसलमान पोरंही होती. हाताला काम आणि कामातून फी, म्हणजे 'कमवा आणि शिका', हे आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकात योजनेचं नाव म्हणून छापलेलं असतं. भाऊरावांच्या पोरांसाठी ते दगड फोडणं आणि शेत कसणं होतं.

आणि ज्याला कॉलेजात पाणी मिळालं नाही, त्याने पुढे कॉलेजं काढली. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. निजामी राज्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात खेड्यातल्या दलित पोराला वसतिगृहासह उच्च शिक्षण मिळण्याची ती पहिली मोठी सोय. विषय निवडण्याचा हक्क कागदावर असून चालत नाही, त्याच्या खाली एक खाट आणि एक ताट लागतं, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नागपूरच्या वाट्यालाही या इतिहासातली एक चांगली नोंद आहे. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. आपलं स्वतःचं विद्यापीठ नव्हतं तोवर इथली मुलं परीक्षेला आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या नावाने बसत. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झालं. १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून वाद पेटला आणि मोठ्या संख्येने विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच लोंढ्यात नागपूरला आले. उस्मानियाबद्दल आपल्या मनात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९१८ सालच्या त्या विद्यापीठाने विज्ञान, वैद्यक, कायदा उर्दूतून शिकवून दाखवला. पण विद्यार्थ्याला काढून टाकणारं विद्यापीठ त्या प्रसंगी चुकलं आणि दार उघडणारं बरोबर होतं, हे म्हणायला मला उर्दूचा शिक्षक असल्याने अडचण वाटत नाही. नरसिंह रावांची उर्दू आणि मराठी दोन्ही पक्की होती. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली.

आता खापा. कन्हान नदीच्या काठचं, सावनेर तालुक्यातलं आपलं गाव. एके काळी हातमागासाठी ओळखलं जाणारं. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. इथला मुलगा कॉलेजला जातो म्हणजे सावनेरला किंवा थेट नागपूरला एसटीने जातो. मार्च २०२३ पासून बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मुलींची ये-जा वाढलेली मला डोळ्यांना दिसते. कुठल्याही भाषणापेक्षा त्या अर्ध्या तिकिटाने जास्त काम केलं. पण शेवटची बस गाठायची म्हणजे दुपारनंतरचं ग्रंथालय गेलं, सेमिनार गेला, शिक्षकाशी तास संपल्यावरचं बोलणं गेलं. कोलंबियातलं जे मी वर सांगितलं, ते सगळं तास संपल्यानंतरचं होतं.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत आला. त्यात देशातल्या वीस वर्षांवरच्या लोकांत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के, मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी, असा आकडा होता. त्यानंतर ज्या काही शिष्यवृत्त्या आल्या त्यांतल्या काही गेल्यासुद्धा. पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. त्याच सुमारास पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही थांबली. यावर राग येणं साहजिक आहे. पण जे शिल्लक आहे तेही आपण उचलत नाही, याचाही राग यायला हवा. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह भत्त्याची योजना आहे, अल्पसंख्याक विभागाची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. मोमीन, जुलाहा, अन्सारी यांच्यासारख्या अनेक मुस्लिम व्यावसायिक जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. कागद जूनमध्ये तयार ठेवला तर हे मिळतं. आपण कागदाच्या मागे लागतो तेव्हा मुदत संपलेली असते आणि मग 'आपल्याला कोण देतं' असं म्हणत घरी येतो.

विषयाच्या बाबतीतही तेच. मी बी.एड.ला गेलो तेव्हा अध्यापनाच्या दोन पद्धती निवडायच्या होत्या. मी उर्दू आणि मराठी लिहून दिलं. कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, अशी जोडी कुणी घेत नाही, वेळापत्रकात बसत नाही, इंग्रजी घ्या. मी नियमाची प्रत मागितली. नियमात जोडी बसत होती. वेळापत्रक त्यांना हलवावं लागलं. आज माझी रोजीरोटी त्याच जोडीवर आहे. म्हणून मुलांना मी सांगतो, तोंडी नकार ऐकून उठू नका, छापील पान मागा.

या वर्षी एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. वडील खाणीत ठेकेदाराकडे कामाला. मुलीला अर्थशास्त्र घ्यायचं होतं आणि उर्दूही सोडायची नव्हती. वडील म्हणाले, "सर, उर्दू तो घर में भी पढ़ लेगी. कॉलेज में काम का कुछ ले." मुलगी गप्प. मी तिला विचारलं, तुला उर्दू का हवी? ती म्हणाली, "दादीचे कागद आहेत सर, वाचायचे आहेत. आणि बचतगटाचा हिशेब मीच ठेवते, तर अर्थशास्त्र." इतकं स्वच्छ कारण मी प्राध्यापकांकडूनही क्वचित ऐकलं आहे. मी वडिलांना कोलंबियाची ती साठ अभ्यासक्रमांची यादी सांगितली. बाबासाहेबांचं नाव आल्यावर ते सरळ बसले. म्हणाले, "वो भी फारसी पढ़े थे?" मी हो म्हणालो, आणि का शिकावी लागली तेही सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, "लिख दे, जो लिखना है."

महाविद्यालयात तिला सांगितलं गेलं की उर्दू मायनर म्हणून द्यायला पुरेशी मुलं नाहीत. हे उत्तर या वर्षी बऱ्याच ठिकाणी, बऱ्याच विषयांबाबत मिळतं आहे. शिक्षक नाही, संख्या नाही, खोली नाही. धोरणात निवड आहे, वेळापत्रकात नाही. तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, किती मुलं झाली तर वर्ग सुरू होईल, ते लेखी मागितलं. दुसरं, सावनेर, खापा आणि आसपासच्या गावांतून उर्दू घेऊ इच्छिणाऱ्यांची नावं गोळा करायला लागलो. त्यात दोन मराठी माध्यमाच्या मुलीही आहेत. एकीला गझल आवडते, दुसरी म्हणते, लिपी सुंदर आहे, शिकून बघते.

यादी अजून पूर्ण झालेली नाही. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कुणी पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल तर अर्ज, गुणपत्रिका आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रविवारी जोहरच्या नमाजनंतर मला भेटायला पाठवा. विषय कोणताही असला तरी चालेल. येताना महाविद्यालयाचं माहितीपत्रक घेऊन यायला सांगा, मोबाईलमधला फोटो नको, अक्षरं दिसत नाहीत.